पेडलवर नाव नाही, स्टँडवर अर्धंच आहे: हे ड्रमचं सामान नेमकं कुणी बनवलंय?

साखरपेठ_तबला

नमस्कार. सोलापूरहून लिहितोय. मी तबला वाजवतो, ड्रमसेटशी माझा संबंध ऐकण्यापुरताच, म्हणून इथं विचारतो.

माझे मामा इथल्या एका ऑर्केस्ट्रात ड्रमर होते. दिवसा मिलमध्ये साचा खात्यात, म्हणजे मागांवर, रात्री स्टेजवर. गणपतीतले कार्यक्रम, लग्नं, गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी, कधी पंढरपूर-बार्शी-अक्कलकोट. मिल बंद पडल्यावर ऑर्केस्ट्राही हळूहळू विरला. ड्रमची पिंपं त्यांनी केव्हाच विकली होती, पण लोखंडी सामान एका पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवलेलं. मामा आता नाहीत. मामींनी माळा साफ करायला काढला आणि पेटी माझ्या गळ्यात पडली.

पेटीत आहे ते असं. बेस ड्रमचं पेडल, दोन खांबांचं. खांबांच्या बाहेर स्प्रिंग दिसत नाही, पण पेडल उलटं केलं की दोन्ही खांबांच्या बुडाशी एकेक स्क्रू आहे. पायाखालच्या पट्टीवर नाव नाही, फक्त मधोमध थोडा फुगीर, गुळगुळीत भाग आहे. दुसरं, साइड ड्रमचा स्टँड. तीन पाय, वर तीन बोटांचा पंजा. जोडावरच्या ओतीव तुकड्यावर अक्षरं आहेत पण घासलेली: वरच्या ओळीत शेवटची चार-पाच अक्षरं ‘एमियर’सारखी, खाली ‘इंग्लं’ एवढं लागतं. याचा एक विंग नट गायब आहे. तिसरं, हाय-हॅटचा, म्हणजे पायानं वाजवायच्या झांजांच्या जोडीचा स्टँड. यावर काहीच लिहिलेलं नाही, झळाळी पिवळसर, पायपट्टी वरच्या दांड्याला चामड्याच्या पट्ट्यानं जोडलेली. शिवाय ड्रमच्या अंगावरचे चार सुटे लग, म्हणजे ताणायचे रॉड ज्यात बसतात ते तुकडे. दोन फुगून तडकलेत.

फोटो पाहून एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं, “सगळं लुडविग आहे, लॉटचे आठ हजार देतो, आजच उचलतो.” मामा बेस ड्रमवर पेंटरकडून लुडविग लिहून घेत, तो फोटो मीच पाठवला होता. मामींना ‘आजच’ हा शब्द खटकला. मलाही. घेणाऱ्याला घाई असली की विकणाऱ्यानं चहा टाकावा असं मामा म्हणायचे.

तर हे ओळखायचं कसं? विकायचं की नाही ते नंतर. आधी कुणाचं आहे ते कळू दे.

कोथरूड_स्नेअर

पेंटरनं लिहिलेलं नाव सोडून द्या. त्या काळी निम्म्या महाराष्ट्रातले बेस ड्रम पेंटरच्या कृपेनं लुडविग होते.

तुमचं वर्णन वाचून पेडलबद्दल मात्र कान टवकारले. स्प्रिंग खांबाच्या पोटात आणि ताण बुडाच्या स्क्रूनं कमीजास्त करायचा, ही लुडविगच्या ‘स्पीड किंग’ची रचना. त्याचा इतिहास थोडा नागमोडी आहे. विल्यम एफ. लुडविग यांची शिकागोची कंपनी १९२९-३० च्या सुमारास कॉन कंपनीकडे गेली आणि तिच्याबरोबर लुडविग हे नावही. पुढे कॉनमधून बाहेर पडून त्यांनी १९३७ मध्ये नवा कारखाना काढला, पण स्वतःचंच नाव वापरता येईना, म्हणून आद्याक्षरांवरून ‘डब्ल्यूएफएल’. स्पीड किंग त्या काळातलं. १९५५ मध्ये त्यांनी नाव परत विकत घेतलं. म्हणून पेडलवर डब्ल्यूएफएल असेल तर ढोबळमानानं त्याआधीचं, लुडविग असेल तर नंतरचं. पण दोन्हींवर नाव ओतलेलं असतं, आणि खऱ्याला पट्टा नसतो, धातूचा दुवा असतो. काहीच नाही म्हणजे गडबड आहे. त्या पेडलच्या नकला खूप निघाल्या.

स्टँड प्रीमियर. अर्धं नाव पुरे आहे. लंडनमध्ये १९२२ साली सुरू झालेली कंपनी, महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर लेस्टरकडे गेली. आपल्याकडे ब्रिटिश माल जास्त यायचा, त्यामुळे जुन्या भारतीय सेटमध्ये प्रीमियर सापडणं नवलाचं नाही. स्वस्तातला माल ते ‘ऑलिम्पिक’ नावानं विकत. इतर इंग्लिश नावंही डोक्यात ठेवा: ‘ॲजॅक्स’ म्हणजे बूझी अँड हॉक्स, ‘कार्ल्टन’ म्हणजे डॅलस.

हाय-हॅटबद्दल घाईनं बोलणार नाही. स्टँडवर नाव नसणं किंवा भलतंच नाव असणं हे अमेरिकेतही सर्रास होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात वॉलबर्ग अँड ऑज नावाचा कारखाना होता. तो ग्रेच, लुडविग, स्लिंगरलँड अशा एकमेकांच्या स्पर्धकांना स्टँड आणि जोड पुरवायचा. म्हणजे ड्रमवर नाव एकाचं, खालचं लोखंड तिसऱ्याचंच. कॅटलॉग बघून ‘हे ग्रेचचं’ म्हणणारे इथंच घसरतात.

लगच्या दोन भोकांमधलं अंतर, मध्य ते मध्य, मोजून टाका. पोटात स्प्रिंग आहे का तेही बघा. आणि पेडलची लांबी-रुंदी, खांबांमधलं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. माझ्याकडे खरं स्पीड किंग आहे, ताडून बघतो.

अक्कलकोटरोड_लेथ

मी टर्नर माणूस. एमआयडीसीत लेथ आहे, यंत्रमागाचे पार्ट करतो. सीझनला बँडवाले आणि लेझीम मंडळंही येतात, कुणाच्या बेस ड्रमचा रॉड तुटलेला, कुणाच्या ताशाची रिंग वाकलेली. वाजवता मला काही येत नाही. पण लोखंड कुठल्या हातातून गेलंय ते लोखंड सांगतं, ते ऐकायला येतं.

पुण्याचे भाऊ बोलले ते इतिहासाचं. मी कामाचं सांगतो. नावं शोधत बसू नका, आटे मोजा.

अमेरिकन ड्रमच्या रॉडला बारा-चोवीसचे आटे असतात. म्हणजे बाहेरून जाडी साडेपाच मिलिमीटरच्या जवळ आणि इंचाला २४ आटे. जुन्या इंग्लिश मालात व्हिटवर्थ नाहीतर बी.ए., ही दोन्ही तिकडच्या आट्यांची जुनी मापं. हा बी.ए. भारी फसवा. टू बी.ए. बोल्ट ४.७ मिलिमीटरचा, दीड सूत व्हिटवर्थ म्हणजे ३/१६ इंच, तो ४.७६ चा. हाताला फरक कळणारच नाही. पण व्हिटवर्थला इंचाला २४ आटे आणि टू बी.ए.ला ३१ च्या वर. झिरो बी.ए. तर त्याहून लबाड, जाडी ६ मिलिमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर, म्हणजे अगदी आपला मेट्रिकचा एम-सहा! फरक फक्त आट्याच्या कोनात. मेट्रिकचा कोन ६० अंश, बी.ए.चा साडेसत्तेचाळीस. तुम्ही एम-सहाचा नट त्यावर दाबून फिरवला की दोन फेऱ्या जातो आणि मग अडतो, आणि माणूस म्हणतो ‘गंजलाय’, पाना लावतो, आणि झालं, आट्याची वाट.

स्टँडच्या विंग बोल्टचं तसंच. पाव इंच व्हिटवर्थलाही इंचाला २० आटे, पाव इंच अमेरिकनलाही २०. नट एकमेकांवर चढतात. पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, आट्याचं टोक आणि खोबण दोन्ही गोल. अमेरिकनचा ६०. आटे ताडायचं पिच गेज मिळतं, त्याच्या पात्यांवर हे लिहिलेलं असतं. पातं आट्यात बसवायचं आणि ट्यूबलाइटसमोर धरायचं. बरोबर पातं असेल तर उजेड कुठूनच येत नाही. चुकीचं असेल तर आट्याच्या कडेनं केसासारखी पांढरी रेघ दिसते.

आता यातली मेख. ५५ अंश निघाले म्हणजे इंग्लिश, असं उडी मारून ठरवू नका. आपल्या देशात मेट्रिकचा कायदा १९५६ चा, आणि कायदा झाला म्हणून वर्कशॉपमधले टॅप-डाय कुणी दुसऱ्या दिवशी फेकत नाही. सोलापुरात तर मिलची जुनी यंत्रं विलायतेची, त्यांना व्हिटवर्थच लागायचं. माझ्याकडे आजही तो संच आहे आणि लागतो. तेव्हा ५५ निघालं तर एवढंच म्हणायचं की अमेरिकेचं नसावं. इंग्लंडचं का इथल्याच अशोक चौकातलं, ते दुसऱ्या खुणांवरून.

दुसरी खूण पेडलची. ते ओतीव आहे. खऱ्या वस्तूवरून नक्कल ओतायची असेल तर छोटा कारखानदार काय करतो? नवा पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, करायला खर्च येतो, म्हणून खरी वस्तूच वाळूत दाबतो आणि त्या साच्यात ॲल्युमिनियम ओततो. पण ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं, शेकडा सव्वाच्या आसपास. पॅटर्न करणारा हे धरून पॅटर्न मोठा करतो. नक्कल करणाऱ्यानं खरीच वस्तू दाबली, म्हणजे त्याचा माल सगळ्या बाजूंनी तेवढा लहान निघणार. २५० मिलिमीटरला तीन मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियरला दिसतं. पुण्याच्या भाऊंनी आपलं खरं मोजून टाकावं. आणि तुम्ही म्हणता तो मधला फुगीर भाग, तिथं मला वाटतं नाव होतं. वाळूत दाबायच्या आधी त्यानं अक्षरांवर मेण नाहीतर पुट्टी भरली असणार. उजेडात तिरकं धरून बघा, एखाद्या अक्षराची पाठ उरलेली असते.

तिसरी गोष्ट, हाय-हॅटचे पाय सोडवा. तिन्हींची जागा आपसात बदलून बघा, बसतात का. आणि जोडाजवळ पंचचे ठिपके आहेत का ते बघा. का ते आधी सांगत नाही, नाहीतर सांगितलेलंच दिसतं.

पिवळसर झळाळी म्हणजे निकेल. निळसर-पांढरी असते ती क्रोम. लगना चुंबक लावा. चिकटत नसतील आणि हाताला जड असतील तर जस्ताचं डायकास्टिंग. जस्तात शिशाची भेसळ राहिली की ते आतून फुगतं आणि तडकतं, वर कितीही चकचकीत असू दे. त्याला औषध नाही. तडकलेल्या लगला रॉड लावून ताणू नका, तुकडा डोळ्यात जाईल.

बँडच्या_बाई

मी शाळेच्या बँडचं बघते, त्यामुळे एक विनंती आधी: पितांबरी, चिंच, बाथरूमचं ॲसिड यातलं काहीही या सामानाला लावू नका. निकेलचा थर पातळ असतो, घासला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि पहिल्याच पावसात तांबेरा. रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं, मग शिलाई मशिनच्या तेलाचा हात. घासलेली अक्षरं वाचायची असतील तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. मुलं नाण्याची करतात तसंच.

भारतीय मालाचा विषय निघालाच आहे तर मेरठची जाली कोठी विसरू नका. बँडची वाद्यं तिथं पिढ्यान्पिढ्या बनतात, नादिर अली यांची पेढी १८८५ पासूनची. आमच्या शाळेचे साइड ड्रमही तिकडचेच. मात्र तिकडच्या मालावर दुकानाचा शिक्का किंवा पट्टी असते असा माझा अनुभव. नाव मुद्दाम बुजवलेलं पेडल पाहिल्याचं आठवत नाही.

साखरपेठ_तबला

काका, बाई, भाऊ, तिघांचेही आभार. शेजारच्या वर्कशॉपमधून पिच गेज आणि व्हर्नियर आणला, मापं त्यांच्याच फिटरनं घेतली. माझा हात तबल्याला ठीक आहे, व्हर्नियरला नाही.

स्टँड: पेन्सिलनं कागदावर नाव पूर्ण उमटलं, प्रीमियर, आणि खाली मेड इन इंग्लंड. पंजाच्या तीन बोटांपैकी एक मात्र वेगळं आहे. दोघांना रबर आणि झळाळी निळसर, तिसरं जरा जाड, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला.

हाय-हॅट: विंग बोल्ट पाव इंच, २० आटे. ५५ चं पातं लावलं तर उजेड बंद. ६० चं लावलं तर काका म्हणाले तशी रेघ. पाय आपसात बदलून बघितले, बसत नाहीत. एक तर भोकातच शिरेना. आणि हो, ठिपके आहेत! एका पायाच्या टोकाला एक ठिपका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि जोडाच्या कानांवरही तसेच एक, दोन, तीन. इतके दिवस मला ते गंजाचे खड्डे वाटत होते.

पेडल: पट्टीची लांबी, रुंदी, खांबांमधलं अंतर, तिन्ही मापं भाऊंना निरोपात पाठवली आहेत. फुगीर भाग टॉर्च आडवा धरून बघितला. डाव्या टोकाला नागमोडी उंचवटा आहे, ‘एस’ या रोमन अक्षराच्या वरच्या अर्ध्यासारखा. बाकी सपाट.

लग: चुंबक चिकटत नाही, जड आहेत, पोटात स्प्रिंग आहे. मधलं अंतरही भाऊंना पाठवलंय.

अजून एक. हाय-हॅटच्या चामड्याच्या पट्ट्याचा आणि खालच्या स्प्रिंगचा जवळून फोटो टाकतोय. पट्ट्याला आधीच दोन जुनी भोकं आहेत ज्यांचा इथं काही उपयोग दिसत नाही. पेडलला बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारा दांडा, ओढणारा पट्टाही त्याच चामड्याचा वाटतो.

अक्कलकोटरोड_लेथ

फोटो बघून मी दुकानात एकटाच हसलो. कारागीर पोरगं विचारतंय काका काय झालं.

आधी ठिपक्यांचं. कारखान्यात जिगवर, म्हणजे सगळे नग एकाच ठरलेल्या जागी धरून, भोकं पाडली की सगळे पाय सारखे, कुठलाही कुठंही बसतो. ठिपक्यांची गरजच नाही. हातानं भोक पाडून, कानस मारून, एकेक पाय त्याच्याच कानात बसवला की फिटर खूण करतो, म्हणजे सोडवल्यावर पुन्हा जोडताना गोंधळ नको. हे फिटरचं काम आहे, कारखान्याचं नाही. एकच नग केलेला, फार तर दोन. प्लेटिंग बाहेरून करून घेतलं असणार, निकेलवाले गावात होतेच.

आता चामडं. तो पट्टा मागाचा आहे. धोट्याला मारणारा जो पिकर असतो, त्याला ओढणारा पिकिंगचा पट्टा. जाड म्हशीचं चामडं, तेल पाजलेलं. ती दोन जुनी भोकं मागावरच्या बोल्टची. असले पट्टे झिजले की मिलमध्ये भंगारात जायचे, आणि झिजलेला पट्टाही हाय-हॅटला दहा जन्म पुरेल. स्प्रिंगही मागाचीच, टोकाचा आकडा ज्या पद्धतीनं वळवलाय तसा मी रोज बघतो. ड्रमच्या दुकानातल्या स्प्रिंगला असलं टोक कशाला लागेल?

तर तुमचा हाय-हॅट ना लुडविगचा, ना इंग्लंडचा, ना मेरठचा. तो सोलापूरचा आहे, मिलच्या वर्कशॉपमधल्या कुणा फिटरच्या हातचा. मामा साचा खात्यात होते म्हणता, मग पट्टा कुठून आला ते सांगायला नको. आणि काम बघा की ओ, नुसतं जुगाड नाही. पायांना आत कडेनं पत्रा दुमडून मजबुती दिलीय, दांडा सरळ वर-खाली जावा म्हणून नळीत पितळी बुश, म्हणजे आतली बाही, घातलाय. त्या माणसानं खरा हाय-हॅट समोर ठेवून, समजून घेऊन केलाय. नक्कल करणारा आणि समजून करणारा यात फरक असतो. पेडलवाल्यानं नुसतं वाळूत दाबलं. यानं डोकं लावलं.

प्रीमियरचं तिसरं बोटही याच हातचं असेल असं माझं मत. कानशीच्या रेघा जुळतात का ते बघा: हाय-हॅटच्या कानांवर तिरक्या रेघा आहेत, उजवीकडून खाली येणाऱ्या. बोटावरही तशाच असतील तर माणूस डावखुरा धरा.

कोथरूड_स्नेअर

मापं ताडली. लांबी, रुंदी, खांबांमधलं अंतर, तिन्ही ठिकाणी तुमचं माझ्यापेक्षा लहान, फरक शेकडा एक ते दीडच्या मध्ये. एकाच ठिकाणी कमी असतं तर म्हटलं असतं वेगळ्या वर्षाचं मॉडेल, घासलेलं वगैरे. सगळीकडे सारख्या प्रमाणात कमी म्हणजे काकांचं बरोबर, खऱ्यावरून वाळूत काढलेली नक्कल. माझ्या पट्टीवर ‘स्पीड’चा एस जिथं सुरू होतो, तुमचा उंचवटा तिथंच आहे. जपानी नकला मी बऱ्याच हाताळल्यात. त्या स्वतःचे साचे करून काढलेल्या असतात, पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तुमच्या फोटोत पट्टीच्या खालच्या अंगाला वाळूचे दाणे स्पष्ट दिसतात. त्यामुळे पेडल भारतीय म्हणायला मला अडचण नाही.

लगची मापं लुडविग, स्लिंगरलँड, रॉजर्स, माझ्याकडच्या कुठल्याच नमुन्याशी जुळत नाहीत. चारपैकी दोन तडकलेले, त्यामागे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता पैशाचं, कारण कुणी स्पष्ट बोलत नाही. ‘सगळं लुडविग’ म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा पुढच्याला लुडविग म्हणून विकणार आहे. दोन्ही बाबतीत त्याला लॉट देऊ नका. प्रीमियरचा स्टँड एकटा विका, वर्णनात ‘एक बोट आणि एक विंग नट बदललेला’ असं लिहा. ज्याला पाहिजे तो तरी घेतो, आणि उद्या वाद नाही. पेडल ‘स्पीड किंग पद्धतीचं, भारतीय नक्कल, निनावी’ म्हणून. याला संग्राहकांकडे फार किंमत नाही हे आधीच सांगतो. हाय-हॅटला तर बाजारात शून्य. काका रागावतील, पण बाजार पितळी बुश बघत नाही, नाव बघतो.

अक्कलकोटरोड_लेथ

रागावलो नाही भाऊ. बाजाराचं तुम्हाला कळतं. पण उद्या ‘सोलापुरी, हाताचा, मागाच्या पट्ट्याचा’ असं लिहून टाका, कुणीतरी वेडा निघेलच. मीच निघेन.

साखरपेठ_तबला

बोटावरच्या रेघा बघितल्या, त्याच तिरकसपणाच्या. हे मामींना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, “डावखुरा म्हणजे तो मशीन खात्यातला. तुझ्या मामाच्या लग्नात जेवताना शेजाऱ्याच्या ताटात कोपर घालत होता.” मामांचा आणि त्याचा पगाराच्या दिवशी एकत्र चहा असायचा, आणि ऑर्केस्ट्राची वायरिंगसुद्धा तोच बघायचा म्हणे. मामींच्या मते हाय-हॅटच्या बदल्यात मामांनी त्याच्या बहिणीच्या लग्नात फुकट वाजवलं. नाव इथं लिहीत नाही, त्यांच्या घरचे अजून गावात आहेत, आधी त्यांना दाखवतो.

फोनवाल्या गृहस्थांना कळवलं की यात लुडविगचं काहीच नाही. त्यांनी “मग तीन हजार” म्हणून बघितलं, नंतर उत्तर नाही.

ठरलंय ते असं: स्टँड विकायचा, भाऊंनी सांगितलं तशा वर्णनानं. पेडल आमच्या गल्लीतल्या पोरांना, त्यांना बेस ड्रम पायानं वाजवायचा नाद लागलाय. लग भंगारात. हाय-हॅट मामी देत नाहीत, विषय संपला.

काका, स्टँडचा एक विंग नट हरवलाय तो कराल का? विकण्याआधी बसवून टाकतो.

अक्कलकोटरोड_लेथ

करतो की. पण फोटोवरून नाही, स्टँडच घेऊन या. उरलेला नट बोल्टवर फिरवून, आटे मोजून मगच टॅप लावीन. पितळी करू का लोखंडी ते तिथंच ठरवू, मात्र निकेल करायला लावू नका, नवा आहे तो नवा दिसू दे. आणि येताना तो हाय-हॅटही गाडीवर टाका. विकत नाही घेत, मामींना सांगा, फक्त बुश बघायचाय.